गप्प बसणारे दोष : सहा सिलिंडरची जुनी मर्सिडीज इस्टेट घेताना

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सहसा आधी बोनेट उघडतो. इंजिन सुरू करून कान देतो, सायलेन्सरमागचा धूर बघतो, डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळतो. मर्सिडीजच्या १२४ मालिकेतली सहा सिलिंडरची इस्टेट (स्टेशन वॅगन) घ्यायची असेल, तर मात्र बोनेटकडे सर्वांत शेवटी वळावे. या गाडीत जे दोष आवाज करतात, धूर सोडतात किंवा डॅशबोर्डवर दिवा पेटवतात, ते बहुधा थोडक्यात निभावतात. खिसा कापणारे दोष गप्प असतात. ते प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे, डिकीच्या तळाशी आणि वायरींच्या आवरणात दडून बसतात, आणि तरीही गाडी ट्रायलला झकास चालते.

याचे कारण गाडीच्या दणकटपणातच आहे. ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉक, टायमिंगला बेल्टऐवजी साखळी, सोसणारी गिअरपेटी. नीट सांभाळलेल्या इंजिनाने तीन-चार लाख किलोमीटर काढले, तर त्याचे कुणाला अप्रूप वाटत नाही. पण यातली सर्वांत तरुण गाडीही आता तिशीला आली आहे. रबर, प्लास्टिक, वायरींचे आवरण आणि पत्र्यावरचा रंग यांचे आयुष्य किलोमीटरवर ठरत नाही. ते ऊन, पाणी, रस्त्यावर टाकलेले मीठ आणि इंजिनाची धग यांवर ठरते. म्हणून ‘किती चालली?’ या प्रश्नाआधी ‘कुठे उभी राहायची?’ हे विचारलेले बरे.

समोर कोणती गाडी आहे?

१२४ मालिकेची सेडान १९८४च्या अखेरीस आली. १९८५मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात तिची इस्टेट दाखवली गेली. ब्रेमेनच्या कारखान्यात १९९६पर्यंत अशा सुमारे ३ लाख ४० हजार इस्टेट बनल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चार आणि पाच सिलिंडरच्या होत्या. सहा सिलिंडरची पहिली पेट्रोल गाडी म्हणजे ३०० टीई. तिच्यात २,९६२ सीसीचे, बारा व्हॉल्व्हचे एम १०३ इंजिन होते. १९८९मध्ये गाडीचे रूप थोडे बदलले, दारांच्या खालच्या भागावर रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या आणि चोवीस व्हॉल्व्हची ३०० टीई-२४ दाखल झाली. १९९२च्या सुमारास २.८ आणि ३.२ लिटरची एम १०४ इंजिने आली. १९९३मध्ये मालिकेला ई-क्लास हे नाव मिळाले, ग्रिल बोनेटमध्येच बसवली गेली आणि नावातले अक्षर आकड्याच्या आधी आले : ई २८०, ई ३२०. डिझेलवाल्यांसाठी आधी ओएम ६०३ इंजिनाची ३०० टीडी होती, टर्बोसह आणि टर्बोविना. शेवटच्या वर्षांत चोवीस व्हॉल्व्हच्या ओएम ६०६ इंजिनाची ई ३०० डिझेल आली.

हे पाढे पाठ असण्याचा उपयोग असा, की प्रत्येक इंजिनाचा स्वतःचा एक ठरलेला रोग आहे. विकणारा ‘३.२ आहे’ म्हणाला, की काय शोधायचे ते तिथेच ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मनीत गाडीला ३० वर्षे झाली आणि ती मूळ रूपात, चांगल्या अवस्थेत असली, तर तिला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते. मग इंजिन कितीही मोठे असो, वर्षाचा कर सुमारे १९२ युरोंवर थांबतो. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीला ही सवलत भलतीच सोयीची पडते, त्यामुळे मागणी वाढते. मागणी वाढली की घाईने रंग मारून, खाली काळे डांबरी लेपन करून बाजारात आणलेल्या गाड्याही वाढतात.

आधी पत्रा

तपासणी कोरड्या दिवशी, उजेडात करावी. पावसात भिजलेला पत्रा सगळे दोष लपवतो. सोबत एक बॅटरी, एक छोटे लोहचुंबक आणि गुडघ्याखाली घ्यायला जुना कपडा असावा.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांखालच्या भागात, जॅक घालायच्या नळ्या असतात आणि त्यांवर प्लास्टिकची झाकणे असतात. मालकाला विचारून ती चारही झाकणे काढावीत आणि आत बॅटरीचा झोत टाकावा. आत मूळ रंग आणि थोडी धूळ दिसली, तर ठीक. तपकिरी पापुद्रे बाहेर पडू लागले किंवा नळीची कड बोटाने दाबल्यावर करकरली, तर रुंद पट्टीमागचा पत्राही त्याच वाटेने गेलेला असतो. १९८९नंतरच्या गाड्यांत हा दोष विशेष फसवा ठरतो. पट्टी बाहेरून स्वच्छ, चकचकीत असते आणि तिच्या मागे वर्षानुवर्षे माती आणि मीठ ओले राहिलेले असते. पट्ट्या काढून, सडलेला पत्रा कापून, नवा वेल्ड करून पुन्हा रंगवायचा, तर मजुरी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

पुढे मागच्या चाकांच्या कमानी बघाव्यात. तिथे लोहचुंबक फिरवावे. ते जिथे पकड सोडते, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे. पुढच्या मडगार्डांच्या खालच्या कडा, इंडिकेटरभोवतीचा भाग, बॅटरीखालचा पत्रा, मागच्या स्प्रिंगा टेकतात त्या जागा आणि डिकीच्या दरवाजावर काचेखालची व नंबरप्लेटभोवतीची कड हे नेहमीचे पत्ते आहेत. मडगार्ड नट-बोल्टवर बसतात, ते गंजले तर बदलता येतात. स्प्रिंगांच्या जागा मात्र गाडीच्या सांगाड्याचा भाग आहेत. तिथला गंज जर्मनीच्या किंवा ब्रिटनच्या सक्तीच्या तपासणीत गाडीला थेट नापास करतो.

‘जितकी नवी तितकी चांगली’ हा हिशेब इथे चालत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने पर्यावरणासाठी पाण्यावर आधारित रंग वापरायला सुरुवात केली. त्यामुळे शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांना गंज लवकर धरतो, असा जाणकारांचा अनुभव आहे. १९८८ची गाडी पत्र्याने १९९५च्या गाडीपेक्षा सरस निघू शकते.

इस्टेटचा पसारा : डिकी आणि मागची उंची

सेडानपेक्षा इस्टेट वेगळी पडते ती मागच्या अर्ध्या भागात. डिकीतला गालिचा पूर्ण उचलावा. जादा चाकाचा खळगा आणि बाजूचे कप्पे यांत हात घालून ओल आहे का ते बघावे. सनरूफच्या नळ्या तुंबल्या, डिकीच्या दरवाजाचे रबर वाळले किंवा मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी निसटली, की पाणी इथेच येऊन साचते. काही गाड्यांत मागे तोंड करून बसायचे मुलांसाठीचे घडीचे आसन असते. ते उघडून त्याखालचा तळही बघावा. ओल सापडली तर नुसता गालिचा वाळवून भागत नाही, पाणी येते कुठून ते शोधावे लागते.

डिकीचा दरवाजा हलकेच टेकवला, की विजेची छोटी मोटर तो शेवटचे बोटभर अंतर आत ओढून घेते. ही मोटर बऱ्याचदा बंद पडलेली असते आणि मालकाला दार आपटायची सवय लागलेली असते. सामान झाकायचा गुंडाळणारा पडदा आणि माणसांच्या दिशेने सामान येऊ नये म्हणून लावायची जाळी शाबूत आहेत का, हेही बघावे. किरकोळ वाटणाऱ्या या वस्तू आज चांगल्या स्थितीत सहज मिळत नाहीत.

आता मागची उंची. या इस्टेटमध्ये मागे साध्या शॉकअॅब्झॉर्बरऐवजी हायड्रॉलिक दांडे असतात. स्प्रिंगा बहुतेक भार पेलतात. सामान वाढले, की इंजिनावर चालणारा पंप त्या दांड्यांत तेल ढकलतो आणि गाडीचे मागचे अंग पुन्हा समपातळीला येते. धक्के सोसायचे काम धातूच्या दोन गोलकांकडे असते. प्रत्येक गोलकात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल असते. वर्षांनुवर्षे पडद्यातून नायट्रोजन झिरपून गेला, की दाबले जाण्यासारखे काही उरतच नाही, कारण तेल दबत नाही. मग मागची बाजू लहानशा खड्ड्यावरही ताठ उसळते.

हे तपासायला गॅरेज लागत नाही. इंजिन बंद ठेवून मागचा बंपर जोर लावून दाबावा. गाडी खाली जाऊन मऊपणे वर आली, तर गोलक जिवंत आहेत. दगडासारखी जागची हललीच नाही, तर संपले आहेत. मग इंजिन सुरू करून दोन धडधाकट माणसांना डिकीच्या काठावर बसवावे. मागची बाजू आधी खाली जाते आणि थोड्या वेळात पुन्हा वर येऊ लागते. आलीच नाही तर पंप, झडप किंवा गळती यांपैकी काहीतरी आहे. गोलक बदलणे आवाक्यातले काम आहे. गंजलेल्या धातूच्या नळ्या आणि तेलाशिवाय कोरडा फिरून झिजलेला पंप यांचे काम मात्र महागात जाते. म्हणून बोनेटखालच्या हायड्रॉलिक तेलाच्या टाकीची पातळी आवर्जून बघावी. तिथे नुकतेच भरलेले तेल आणि गाडीखाली ताजा थेंब, ही जोडी काय सांगते ते वेगळे सांगायला नको.

गाडीला मागे टोइंग हूक असेल, तर तिने काय ओढले ते विचारावे. या इस्टेटी घोड्यांचे ट्रेलर, बोटी आणि कॅरॅव्हॅन ओढायला आवडीने वापरल्या गेल्या. तसे काम केलेल्या गाडीत मागच्या अॅक्सलचे बुश आणि गिअरपेटी जास्त बारकाईने तपासावीत.

आता बोनेट उघडा

सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला स्वतःचा तोल असतो, म्हणून ते रेशमासारखे फिरते. पण लांबीची किंमत द्यावी लागते. खाली लोखंडी ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचे हेड. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त प्रसरण पावते, आणि हेड जितके लांब तितकी मधल्या गॅसकेटची ओढाताण जास्त. म्हणून या घराण्यातल्या बहुतेक तक्रारी गॅसकेटपाशी सुरू होतात.

एम १०४ इंजिनात मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे प्रवाशांच्या बाजूच्या भिंतीजवळून, तेल पाझरते. थोडा ओलावा म्हणजे संकट नव्हे. पण तेल आणि कूलंट एकत्र आले आहेत का ते बघावे : कूलंटच्या टाकीत तेलाची साय, तेलाच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर, गरम झाल्यावर वाढत जाणारे तापमान. आधीच्या मालकाने हेड गॅसकेट बदलल्याचे बिल दाखवले, तर ती गाडीची मोठी जमेची बाजू समजावी.

एम १०३ जरा साधे आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक झोत आला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. ते हेड न उतरवता बदलता येतात. आयडलिंगला इंजिन डचमळते आणि एबीएसचा दिवा पेटतो, ही जोडी दिसली तर घाबरू नये. बॅटरीमागे माथ्यावर फ्यूज असलेला एक रिले असतो. विजेचा दाब वाढला तर नाजूक उपकरणे वाचवायचे काम तो करतो. तो बिघडला, की इंजिन आणि ब्रेक दोन्हींची इलेक्ट्रॉनिक्स एकदम रुसतात. या एका रिलेमुळे चांगल्या गाड्या पडेल भावात विकल्या गेल्या आहेत. गरम इंजिन लगेच सुरू व्हायला कुरकुर करत असेल, तर इंजेक्शनमधला पेट्रोलचा दाब टिकत नाही. तेही दुरुस्त होणारे दुखणे आहे.

डिझेल बघताना गाडी थंड असायलाच हवी. रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरची वरची नळी दाबावी. ती सकाळीही ताठ लागली, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतो आहे. ओएम ६०३च्या सुरुवातीच्या हेडांना तडे जायचे, हे ध्यानात ठेवावे. चावी फिरवूनही इंजिन बंद व्हायला वेळ लागत असेल, तर निर्वाताच्या नळ्यांत गळती आहे. या गाडीत डिझेल इंजिन बंद करायचे काम निर्वातावरच चालते. व्हॅक्यूम पंपातून खडखड ऐकू आली, तर मात्र तिथेच थांबावे. त्याचे बेअरिंग फुटले तर तुकडे टायमिंगच्या साखळीत जातात आणि सगळे इंजिनच मोडू शकते. गप्प दोषांच्या नियमाला हा मोठा अपवाद आहे : हा आवाज खरोखर महाग असतो.

सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाडीतला सर्वांत लबाड दोष म्हणजे इंजिनाच्या वायरी. १९९२ ते १९९५च्या सुमारास इंजिनाच्या वायरींना पर्यावरणस्नेही आवरण वापरले गेले. इंजिनाच्या धगीने ते कडक होऊन तडकते. जिथे इंजेक्टरकडे जाणारी एखादी वायर बाहेरच्या काळ्या नळीतून डोकावते, तिथे ती दोन बोटांत धरून अगदी हलकेच वाकवून बघावी. चांगली वायर वळते. बिघडलेल्या वायरीचे आवरण वाळलेल्या लसणाच्या सालीसारखे सुटून येते आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. अशा दोन तारा एकमेकींना टेकल्या, की आधी मिसफायर होतो, मग इंजिनाचा संगणकही जायबंदी होऊ शकतो. वायरींच्या गुच्छावर, म्हणजे हार्नेसवर, तारखेची चिकटपट्टी असते. ती १९९६ किंवा नंतरची असेल, तर हार्नेस बदललेला आहे. थ्रॉटलच्या यंत्रातल्या वायरींनाही हाच रोग होतो, त्यामुळे बिलात दोन्हींचा उल्लेख आहे का ते बघावे.

ट्रायल

ट्रायलला निघण्याआधी ऑटोमॅटिक गिअरपेटीचे तेल बघावे. ते लालसर हवे. काळपट आणि करपल्याचा वास असलेले नको. थंड असताना रिव्हर्समध्ये टाकल्यावर गाडीने फार विचार न करता मागे सरकायला हवे. ही चार गिअरची पेटी साधारणपणे दुसऱ्या गिअरमध्ये सुटते, त्यामुळे सुरुवातीचा संथपणा दोष धरू नये. गिअर बदलताना इंजिनाचा वेग एकदम चढून मग गिअर बसत असेल, तर आतल्या चकत्या झिजल्या आहेत. गिअर दणका देऊन बदलत असेल, तर आधी निर्वातावर चालणारे छोटे मॉड्युलेटर तपासावे. त्याचा पडदा फाटला, तर इंजिन गिअरचे तेल ओढून जाळते आणि मागे पांढरट धूर दिसतो. भाग स्वस्त आहे, पण विकणारा ‘गिअरपेटी गेली’ म्हणून भाव पाडून बसलेला असतो.

तेलाच्या दाबाचा काटा बघत राहावा. गरम इंजिन आयडलिंगला असताना तो खाली येतो, त्यात वावगे काही नाही. पाय देताच तो ३ वर जाऊन टेकला पाहिजे. स्टिअरिंग मध्यावर थोडे सैल लागले, तर बहुतेकदा जुळवणीने सुधारते. चारही चाकांना ताकद देणारी ४मॅटिक गाडी आकर्षक वाटते, पण तिची यंत्रणा गुंतागुंतीची आहे. ती उघडणारा अनुभवी मिस्त्री जवळ नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी एसी. ‘फक्त गॅस भरायचाय’ हे वाक्य जगभर सारखेच आहे. या गाडीत बाष्पीभवनाचा थंड भाग डॅशबोर्डच्या आत खोल असतो, आणि तो गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. एसी चालत नसेल, तर ही शक्यता धरूनच भाव करावा.

कागद आणि पुण्याचा दुवा

गाडीसोबत मूळ डेटा कार्ड असेल, तर त्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवावा. मीटरचे आतले प्लास्टिकचे दाते तुटून आकडा थांबणे या गाडीत नेहमीचे आहे, त्यामुळे मीटरपेक्षा बिलांचा गठ्ठा बोलका असतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीचा इतिहास नंबरवरून इंटरनेटवर मोफत बघता येतो. त्यात दर वर्षीचे किलोमीटर किंवा मैल आणि तपासनिसाने नोंदवलेला गंज दोन्ही दिसतात. सलग तीन वर्षे स्प्रिंगांजवळ गंजाचा इशारा आणि चौथ्या वर्षी अचानक काहीच नाही, असे दिसले तर तिथे नेमके काय केले ते विचारावे. जर्मनीत दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे जुने अहवाल मागून घ्यावेत.

पुण्याला ही मालिका परकी नाही. १९९४मध्ये भारतातली मर्सिडीज कंपनी स्थापन झाली आणि १९९५पासून पिंपरीच्या टेल्को कारखान्यात याच १२४च्या सेडान जोडल्या जाऊ लागल्या. त्या चार आणि पाच सिलिंडरच्या होत्या. त्यांवर हात बसलेला मिस्त्री पुढचे बॉल जॉइंट, स्टिअरिंग आणि पुढचा एकच मोठा वायपर डोळे मिटून ओळखेल. मागच्या हायड्रॉलिक्सशी मात्र त्याचा सहसा संबंध आलेला नसतो. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात सर्वसाधारणपणे आणता येत नाही. त्यामुळे या इस्टेटीचे मराठी गिऱ्हाईक प्रामुख्याने जर्मनी, ब्रिटन आणि आसपासच्या देशांत राहणारे.

अशा गिऱ्हाइकासमोर बहुतेकदा दोन गाड्या येतात. एक धुऊन-पुसून, खाली ताजे काळे लेपन केलेली, इंजिन पुसून कोरडे केलेली, कागद मोजके. दुसरी मळकी, एबीएसचा दिवा लागलेला, इंजिनावर तेलाचा ओलावा, पण जॅकच्या नळ्या स्वच्छ, डिकीचा तळ कोरडा, हार्नेस बदलल्याचे बिल हातात. दुसरी घ्यावी, आणि तिच्या दिव्यावरून, ओलाव्यावरून घासाघीस करून भाव उतरवून घ्यावा. विकणाऱ्याला तेच दोष मोठे वाटत असतात. पहिली घेतलीच पाहिजे असे मनाने घेतले असेल, तर पैसे देण्याआधी ती लिफ्टवर चढवून, बाजूच्या पट्ट्या उतरवून दाखवायला सांगावे. मालक नाही म्हणाला, तर पुढचे काही विचारायची गरज उरत नाही.